नौकाप्रतिकृती, विद्युत : मोटर व चालन
बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या नौकेत मोटर, वेगनियंत्रक, दांडा व पंखा यांची जुळणी महत्त्वाची असते. निवडीची सुरुवात पंख्यापासून करावी. मोटरचे ‘केव्ही’ म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे बिनभार फेरे. ड्रोनची 2200 केव्ही मोटर 7.4 व्होल्टवर सुमारे 16,000 फेरे घेते. पण पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन असल्याने मोठा पंखा बसवताच ती बेसुमार प्रवाह ओढून जळते. उलट, रोबोच्या चाकांची पिवळी गिअरमोटर जेमतेम 200 फेरे देते. ती फार तर वल्हीचक्राला चालेल. 1:25 प्रतिकृतीचा वेग मूळ बोटीच्या एक-पंचमांश असला, की चाल खरी वाटते. त्यामुळे टगबोटीला संथ मोटर व मोठा पंखा शोभतो, तर शर्यतीच्या नौकेला ब्रशलेस मोटर व लहान पंखा.

नांदेडला गोदावरीच्या पाण्यात जलपर्णी पंख्यात गुंतते. तेथे मोटर उलट फिरवू शकणारा नियंत्रक हवाच. ड्रोनचा नियंत्रक मोटर बहुधा एकाच दिशेने फिरवतो. लातूरला 2016 मध्ये पिण्याचे पाणीही मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. अशा टंचाईमुळे तिथल्या हौशी माणसाला नौका चालवायला पावसाळ्यानंतर भरलेले शेततळे सोयीचे. चाळीस अंशांच्या उन्हात बंद नौकेतील नियंत्रकाला पाण्याने थंड करणारी नळी लावावी.