सहा पौंड आणि एक टेलिफोन

मागच्या भागानंतर बचत गटातल्या एका ताईंनी विचारलं होतं, "हातातली चांगली नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करावं का हो?" मी व्यवसायातली जाणकार नाही. इतिहास वाचते, एवढंच. म्हणून सल्ला देण्याऐवजी आज एका बाईंची हकिगत सांगते. बाई इंग्लंडच्या, काळ साठ वर्षांपूर्वीचा.

त्यांचं नाव स्टेफनी शर्ली. जन्म १९३३ चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरातला. वडील ज्यू आणि न्यायाधीश. हिटलरच्या राज्यात त्यांचं पद गेलं. १९३९ मध्ये आईवडिलांनी पाच वर्षांच्या या मुलीला तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर व्हिएन्नाहून इंग्लंडला जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. तिथे एका निपुत्रिक जोडप्यानं दोघींना सांभाळलं. ज्यांना जीव वाचवून नवं घर मिळालं, त्यांच्या मनात "हा जीव वाया घालवायचा नाही" असं काहीतरी बसतं. शर्लीबाई हे आयुष्यभर बोलून दाखवत.

मुलगी गणितात हुशार. पण मुलींच्या शाळेत गणिताची सोयच नव्हती, म्हणून ती मुलांच्या शाळेत जाऊन शिकली. अठराव्या वर्षी लंडनजवळ डॉलिस हिल इथे पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी लागली. हे साधंसुधं ठिकाण नव्हतं. युद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायला मदत करणारं कोलोसस यंत्र बनवणारे टॉमी फ्लॉवर्स याच केंद्रातले. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, असं करत तिनं गणिताची पदवी घेतली. तिथे सरकारी बचत रोख्यांचे बक्षीस क्रमांक काढणाऱ्या अर्नी नावाच्या यंत्रावरही तिनं काम केलं. सरकारी नोकरी, आवडीचं काम, पुढे पेन्शन. आपल्याकडे अशी नोकरी लागली तर पेढे वाटतील.

१९५९ मध्ये डेरेक शर्ली या सहकाऱ्याशी लग्न झालं आणि त्या एका छोट्या संगणक कंपनीत गेल्या. तिथेही काम मनासारखं होतं. पण एका बैठकीत त्यांनी किमतीबद्दल की विक्रीबद्दल काही सुचवलं, तेव्हा "तुम्ही तांत्रिक बाजूच्या, हा तुमचा विषय नाही" अशा अर्थाचं उत्तर मिळालं. अपमान तसा बारीक होता. आपण रोज गिळतो त्यातलाच. पण आपल्याला इथे कुठवर जाऊ देणार आहेत, हे त्यांना त्या दिवशी दिसलं. त्यांनी राजीनामा दिला.

१९६२ साली, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, सहा पौंड भांडवलावर कंपनी सुरू झाली. नाव 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स'. विकायचं काय? सॉफ्टवेअर. लोक हसले, कारण तेव्हा सॉफ्टवेअर यंत्राबरोबर फुकट मिळायचं. त्यासाठी वेगळे पैसे कोण मोजणार, आणि तेही एका बाईला!

माणसं कुठून आणली, हा मला या हकिगतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. लग्न झालं किंवा पहिलं मूल होणार असलं की संगणकाच्या धंद्यातल्या शिकलेल्या बायका घरी बसत. शर्लीबाईंनी नेमक्या त्यांनाच काम दिलं. घरीच करायचं, जमेल त्या वेळी करायचं. अट काय? गणिती डोकं हवं आणि टेलिफोन हवा. संगणक कुणाच्याच घरी नव्हता. बायका पेन्सिलीनं कागदावर प्रोग्राम लिहायच्या आणि पोस्टानं पाठवायच्या. मग केंद्रात तो पट्टीवर नाहीतर कार्डांवर छिद्रं पाडून उतरवला जाई, चूक राहू नये म्हणून दुसऱ्यांदा उतरवून ताडून पाहिला जाई, आणि त्यानंतर कुठे यंत्राची पाळी. कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग अशा घरबसल्या बायकांनी केलं!

सुरुवातीला मात्र पत्रांना उत्तरंच येत नव्हती. नवऱ्यानं सुचवलं, स्टेफनीऐवजी 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. उत्तरं येऊ लागली. समोर बाई उभी आहे हे कळेपर्यंत त्या आत पोचलेल्या असत. फोन आला की मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावायच्या, म्हणजे लेकराचं रडणं ऐकू जायचं नाही. ऐकताना हसू येतं खरं. पण आई असणं लपवावं लागणं ही काही गंमत नव्हे.

ते लेकरू म्हणजे जाइल्स, १९६३ चा जन्म. अडीच वर्षांचा असताना त्याची बोली गेली. तीव्र स्वमग्नता, पुढे फिट्सही. धंदा स्वतःचा असला की घर सांभाळायला वेळ मिळतो, असं आपण सहज म्हणून जातो. शर्लीबाईंना तो पुरला नाही. मुलगा तेरा-चौदाचा असताना त्या पार खचल्या, आणि त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथून बाहेर काढून त्याच्यासाठी वेगळं घर उभं करायला पुढे कितीतरी वर्षं गेली. त्यांची थोरवी सांगताना लोक ही पानं भराभर उलटतात. मला ते पटत नाही.

पहिल्या तीनशे माणसांत पुरुष अवघे तीन होते. १९७५ मध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि बायकांनाच काम देण्याचं हे धोरण बेकायदा ठरलं. पुरुषांना घ्यावं लागलं. बायकांच्या भल्यासाठीचा कायदा पहिल्यांदा बायकांच्याच कंपनीला लागावा!

पुढे बाईंनी आपल्या मालकीतला मोठा हिस्सा कामगारांना दिला. साधारण चौथा भाग त्यांच्या हाती गेला, आणि कंपनी शेअर बाजारात आल्यावर त्यातले सत्तर जण लक्षाधीश झाले, पौंडांतले. कंपनीचं नाव नंतर झान्सा झालं. तिची कचेरी आपल्या पुण्यातही होती.

जाइल्स १९९८ मध्ये, पस्तिशीत गेला. बाईंनी आपली बहुतेक संपत्ती स्वमग्न मुलांच्या शाळा, घरं आणि संशोधनाला दिली. २००० साली त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. ओळखीचे लोक शेवटपर्यंत त्यांना स्टीव्हच म्हणत.