मूत्राशय-उच्छेदन : प्रारंभिक कर्करोगातील निर्णय

मूत्राशय-उच्छेदन म्हणजे लघवीची पिशवी शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकणे. पुरुषांत तिच्यासोबत प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत बहुधा गर्भाशयही काढतात. कर्करोग पिशवीच्या स्नायूत शिरला असेल, तर हा प्रस्थापित उपचार आहे. तो आतल्या थरांतच असताना पिशवी काढावी का, हा निर्णय अवघड असतो.

निदान : न दुखता लघवीतून रक्त जाणे हे मुख्य लक्षण, तंबाखूचे धूम्रपान हे प्रमुख कारण. चारपैकी सुमारे तीन रुग्णांत निदानाच्या वेळी रोग स्नायूपर्यंत गेलेला नसतो. दुर्बिणीतून गाठ खरवडून तपासतात. तुकड्यात स्नायू आलाच नसेल किंवा गाठ टी१ (अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न पोचलेली) असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा खरवडतात. या दुसऱ्या अहवालाआधी पिशवीचा निर्णय घेण्याची घाई करू नये.

पिशवी वाचवणारा उपचार : सौम्य गाठींत खरवडणे, गरजेनुसार पिशवीत औषध आणि नियमित दुर्बीण तपासणी पुरते. जहाल गाठींत पिशवीत बीसीजी सोडतात. क्षयाच्या या लशीचा असा उपयोग कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट कर्करोगासाठीचे बीसीजी बनवते. सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस आणि पुढे एक ते तीन वर्षे अधूनमधून डोस, असा क्रम असतो. औषध सुमारे दोन तास पिशवीत धरावे लागते. बोरिवली किंवा मुलुंडहून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणाऱ्याने हे दोन तास तिथेच काढून मग निघावे, कारण मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते.

शस्त्रक्रिया केव्हा : पुरेसे बीसीजी देऊनही जहाल रोग टिकला किंवा लवकर उलटला, तर पिशवी काढण्याचा सल्ला देतात. टी१ जहाल गाठीसोबत सीआयएस (अस्तरातच पसरलेला सपाट, जहाल कर्करोग) असेल किंवा गाठ रक्तवाहिन्यांत शिरली असेल, तर सुरुवातीलाच हा पर्याय मांडतात. रोग स्नायूत शिरण्याआधी शस्त्रक्रिया झाल्यास पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असते. थांबण्यात ही संधी हुकण्याचा धोका असतो. दुसऱ्या पारड्यात संसर्ग, आतडे मंदावणे आणि लैंगिक क्षमतेवर होणारा परिणाम असतो. म्हणून वय, मूत्रपिंडे, हृदय आणि रुग्णाची स्वतःची इच्छा विचारात घ्यावी. जोडीदाराला या चर्चेत सुरुवातीपासून बसवावे.

लघवीचा नवा मार्ग : लहान आतड्याच्या तुकड्यातून पोटावर तोंड काढून बाहेर पिशवी लावतात, किंवा आतड्याचीच नवी पिशवी आत शिवतात. नव्या पिशवीला भरल्याची नेहमीची जाणीव नसते. घड्याळ पाहून, रात्रीही उठून, ती रिकामी करावी लागते. पोटावर तोंड काढायचे असेल, तर शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उभे करून, बसवून, वाकायला लावून जागेची खूण करतात. साडीची निरी किंवा पँटचा पट्टा जिथे येतो ती जागा टाळतात; नेहमीचे कपडे घालून जावे, म्हणजे खूण नेमकी पडते.