दृष्टी, तोल आणि रेल्वे : होटगी जंक्शनच्या निमित्ताने

मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडील मार्गास मिळाला. याच मार्गावर, सोलापूरच्या आग्नेयेस होटगी हे गाव आहे. पुढे येथूनच विजापूर, बागलकोटमार्गे गदगकडे जाणारा फाटा निघाला आणि होटगी जंक्शन झाले. जंक्शनवर गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. शेजारची गाडी सुटली की आपलीच गाडी मागे सरकल्याचा भास होतो आणि दाराशी उभा असलेला प्रवासी नकळत दांडी घट्ट धरतो. या साध्या अनुभवाने युरोपातील शास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा मागोवा घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लूराँस यांनी कबुतरांच्या अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून तोल बिघडतो हे दाखविले. जर्मन वैद्य रोम्बेर्ग यांनी मज्जारज्जूच्या विकाराचे रुग्ण डोळे मिटताच डोलू लागतात, अशी नोंद केली. ही चाचणी आजही रुग्णालयांत केली जाते. तथापि रेल्वेचा खरा उपयोग केला तो अर्न्स्ट माख यांनी. गाडी वळणावर असताना घरे व झाडे कललेली दिसतात, या निरीक्षणातून ते अंतःकर्णाच्या अभ्यासाकडे वळले आणि १८७५ मध्ये त्यांचा गतिसंवेदनांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. खिडकीबाहेर पाहणाऱ्याचे डोळे दृश्यामागे सावकाश जातात व झटक्याने परत येतात. या हालचालीस ‘रेल्वे नेत्रदोलन’ असे नावच पडले.

येथे एक प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच या इतिहासाचा गाभा होय. शरीर डोलते ते दृष्टिपटलावरील प्रतिमा सरकल्यामुळे, की डोळा हलल्यामुळे? रेल्वेत दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. ली व अॅरनसन यांनी १९७४ मध्ये नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बालकांना जमीन स्थिर पण भिंती सरकणाऱ्या खोलीत ठेवले. समोरची भिंत जवळ येताच बालके मागे कलली, काही पडलीही. प्रतिमेचे सामर्थ्य यातून सिद्ध झाले. नेत्रगतीचे मात्र नाही.

त्यानंतरच्या प्रयोगांत नेत्रगतीचे प्रकार वेगळे करण्यात आले. दोन स्थिर खुणांमध्ये नजर झटक्याने फिरविल्यास डोलणे वाढत नाही, अनेकदा कमीच होते. त्या क्षणी दृष्टी काही अंशी दबलेली असते, आणि खूण अचूक पकडण्यासाठी शरीरही स्थिर ठेवावे लागते, असे स्पष्टीकरण दिले जाते. याउलट सरकत्या वस्तूचा नजरेने सावकाश पाठलाग केल्यास डोलणे वाढते, कारण तेव्हा स्थिर पार्श्वभूमीच दृष्टिपटलावरून उलट दिशेने वाहू लागते.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. डोळे मिटवून घेतलेल्या चाचणीत दृश्य व नजरेची स्थिरता दोन्ही एकदमच नाहीशी होतात. त्यांपैकी कशाने तोल गेला हे त्या चाचणीवरून कळत नाही. सुटत्या गाडीकडे नजर लावून फलाटावर उभ्या असलेल्या वृद्धाची अडचण डोळे उघडे असतानाची आहे.