अंगठ्याला मिळालेली सवलत

यंदाच्या ईदीतून भाच्याने गेमपॅड घेतला. लॅपटॉपला लावून तो ऑनलाइन नेमबाजीच्या खेळाला बसला आणि तासाभरात तोंड पाडून उठला. हरला म्हणून नव्हे, जिंकला म्हणून. "मामू, पॅड लावलाय कळलं की सगळे चीटर म्हणतात. मी तर काहीच केलं नाही."

या आरोपामागे बराच जुना इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात अगदी उलट आहे. एके काळी पॅडवाल्याची लोकांना कीव यायची.

आमच्या पिढीने पॅड पाहिला तो 'टीव्ही गेम'च्या खोक्यातून. सोलापुरात विजापूर वेशीच्या आमच्या मोहल्ल्यात ज्याच्या घरी तो खोका, त्याच्या दारात चपलांचा ढीग. प्लास्टिकची चपटी वडी, डावीकडे अधिक चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं. ते अधिक चिन्ह निन्तेन्दो या जपानी कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये 'डाँकी काँग'च्या हातात मावणाऱ्या खेळासाठी तयार केलं. पुढच्याच वर्षी कंपनीच्या 'फॅमिकॉम' यंत्रात ते आलं, आणि आमचा खोका ही त्या फॅमिकॉमची नक्कल. धावा, उडी मारा, एवढंच काम. नेम धरायचा प्रश्न नव्हता. बदकं मारायची असली तर वेगळी बंदूक मिळायची.

नेमबाजी वाढली ती कॉम्प्युटरवर. 1993 च्या 'डूम'मध्ये बरेच जण नुसत्या कीबोर्डवर भागवत. 1996 च्या 'क्वेक'मध्ये मात्र वर-खालीही बघावं लागे आणि तिथे माउसची खरी किंमत कळली. हाँगकाँगमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला डेनिस फाँग हा पोरगा 'थ्रेश' नावाने खेळायचा. आधी तोही कीबोर्डवालाच. सख्ख्या भावाकडून हरला, तेव्हा त्याने सवय बदलली. उजव्या हातात माउस, डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर. ही मांडणी त्याने एकट्याने शोधली असं नाही, पण ती जगभर पसरवण्यात त्याचा मोठा वाटा. 1997 मध्ये अटलांटातल्या 'क्वेक' स्पर्धेत तो पहिला आला. बक्षीस म्हणून त्याला 'क्वेक'च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची लाल फेरारी मिळाली. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून 'काउंटर स्ट्राइक' खेळणारे आम्ही हीच मांडणी वापरत होतो. थ्रेशचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

माउस इतका सरस का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. माउस जितका सरकवाल तितकीच नजर सरकते. हात थांबला, नजर थांबली. पॅडची दांडी रिक्षाच्या हँडलसारखी असते. वळवून धरली की रिक्षा वळतच राहते, सरळ केल्याशिवाय थांबत नाही. म्हणजे किती वळायचं हे अंगठ्याला वेळेच्या अंदाजाने ठरवावं लागतं, तेही बोटभर जागेत. माउसवाल्याकडे मनगट, कोपर, खांदा, सगळा हात असतो.

तरी पॅडवाल्यांनी हट्ट सोडला नाही. 1997 च्या 'गोल्डनआय'मध्ये एकच दांडी होती, नेम बराचसा यंत्रच धरायचं. त्याच काळात सोनीने दोन दांड्यांचा पॅड आणला. 2000 मध्ये 'एलियन रिसरेक्शन' या खेळाने डाव्या दांडीने चालणं आणि उजवीने बघणं अशी विभागणी केली, तेव्हा एका नामांकित समीक्षणात याच रचनेवर टीका झाली. आज जगातला जवळपास प्रत्येक नेमबाजीचा खेळ पॅडवर असाच चालतो.

ती रचना लोकांच्या अंगवळणी पाडली 'हेलो'ने. 1999 मध्ये स्टीव्ह जॉब्सने ॲपलच्या मंचावरून जाहीर केलेला हा खेळ. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनीच विकत घेतली आणि नोव्हेंबर 2001 मध्ये तो नव्या एक्सबॉक्सवर आला. बंजीने अंगठ्याची अडचण ओळखली होती. नेमाचं चिन्ह शत्रूवरून जाताना किंचित मंदावतं, त्याच्या मागे थोडं ओढलं जातं, गोळीही जराशी सांभाळून घेते. खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच हात बसला. याला नेमसाहाय्य म्हणू. अपंगाच्या कुबडीसारखी नव्हे, तर उंच शेल्फाखाली ठेवलेल्या स्टुलासारखी ही मदत होती.

कॉम्प्युटरवाले आणि कन्सोलवाले वेगळ्या मैदानांत खेळत होते तोवर या स्टुलाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दोघांना एकत्र आणायचे प्रयत्न तुरळक झाले: 2000 मध्ये ड्रीमकास्टवरचा 'क्वेक 3', 2007 मध्ये 'शॅडोरन'. खरी भिंत पडली ती 'फोर्टनाइट'मुळे, सप्टेंबर 2018 मध्ये सोनीनेही दार उघडलं तेव्हा. 2020 मध्ये 'वॉरझोन' आला आणि लाखो लोक एकाच रिंगणात उतरले.

आता बोंब उलटी सुरू झाली. माणसाच्या डोळ्याने बघून हात हलायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. नेमसाहाय्याला तो वेळ लागत नाही. समोरचा जवळून आडवा पळाला की मनगट अजून विचारात असतं, पॅड वळायला लागलेला असतो. माउसचे मुरलेले खेळाडूही स्वखुशीने पॅड घेऊ लागले. 'एपेक्स लेजंड्स'ने तर या मदतीचे आकडेच ठरवले: बराच काळ कन्सोलवर 0.6 आणि कॉम्प्युटरवर 0.4. पॅड तोच, अंगठा तोच, मैदान बदललं की मदत कमी.

सवलत, गुणवत्ता, 'यांचे लाड' हे शब्द त्या भांडणात वाचले तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर हे रोज ऐकू येतं. फरक एवढाच की इथे सवलतीचं मोजमाप दशांशात छापून मिळतं. आणि दर वेळी तिची आठवण निघते ती घेणारा जिंकायला लागल्यावर. हरत होता तेव्हा कुणी हिशेब मागितला नव्हता.

माउसवालेही धुतल्या तांदळासारखे नव्हेत. कन्सोलला माउस जोडून तो पॅड असल्याचं भासवणारे अडॅप्टर बाजारात मिळतात; म्हणजे मनगटाची अचूकताही घ्यायची आणि अंगठ्याची सवलतही. 2023 मध्ये 'रेनबो सिक्स सीज'च्या निर्मात्यांनी यावर 'माउसट्रॅप' नावाचा उपाय काढला. लबाडी सापडली की बंदी नाही, फक्त त्याची प्रत्येक हालचाल उशिरा पोचते. मला ही शिक्षा फार आवडली.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग मी मदत बंद करू का?" म्हटलं, करून बघ. त्याने बंद केली. दहा मिनिटांत परत चालू केली. आता बाकीच्यांचा आवाज म्यूट करून खेळतो.