राख, क्षार आणि चुना : भांडगाव परिसरानिमित्त एक टिपण

दौंड तालुक्यातील भांडगाव हे पुणे–सोलापूर हमरस्त्यावरील गाव होय. या टापूत गुऱ्हाळे पुष्कळ. सबब राखेचाही तोटा नाही. ही राख इमारतीच्या कामी येते काय, व कोणत्या अटीवर, हा प्रश्न केवळ आजच्या यंत्रशास्त्राचा नसून इतिहासाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कुंभार, सोनार यांजबरोबर चुना करणारे कारागीरही होते. तेव्हा चुन्याची विद्या या प्रांतास तीन हजार वर्षांची जुनी आहे. पुढे चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळण्याचा प्रघात पडला. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस याने बाये नगराजवळील ज्वालामुखीच्या मातीचा असाच गुण वर्णिला आहे. मर्म एकच : अग्निसंस्कार झालेली वालुकामय पूड चुन्याशी संयोग पावून पाण्यातही घट्ट होते.

आता संस्कृत ग्रंथांकडे वळू. बृहत्संहितेत खडक फोडण्यासाठी तो तापवून त्यावर मोक्षक वृक्षाच्या राखेसह उकळलेले पाणी शिंपण्यास सांगितले आहे. सुश्रुताच्या क्षारपाकविधीत याहून सूक्ष्म विवेक दिसतो. मुष्कक जाळावा, अग्नी शांत झाल्यावर त्याची राख व चुनखडीची राख निरनिराळी घ्यावी, राखेत सहापट पाणी अथवा मूत्र घालून ते एकवीस वेळा गाळावे. येथे दोन नियम स्पष्ट होतात : काय जाळले याची ओळख, आणि विद्राव्य क्षार वेगळा काढणे.

मोशी येथे १ ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कचऱ्यापासून वीज करण्याच्या केंद्राचे उद्घाटन झाले. त्याची शक्ती १४ मेगावॅट आहे. अशा भट्टीतून दोन प्रकारची राख निघते. तळची राख जाड. तीतील लोखंड चुंबकाने काढून, ती काही आठवडे उघड्यावर मुरवून, धुऊन रस्त्याच्या भरावास वापरता येते. अॅल्युमिनियमचे कण राहिले तर सिमेंटात वायू सुटून ठोकळा फुगतो. धुराबरोबर उडणारी राख मात्र घातक; तीत शिसे, कॅडमियम व क्लोराइडे असतात. क्लोराइडांनी काँक्रीटमधील सळया गंजतात. म्हणून तीही धुतात, अथवा वितळवून काचेसारखी करतात. सुश्रुतास क्षार हवा होता, गाळ नको. येथे गाळ हवा, क्षार नको. कृती तीच, हेतू उलट.

घाटघर प्रकल्पाच्या धरणांत औष्णिक वीजकेंद्राची राख सिमेंटास मोठ्या प्रमाणावर जोडली गेली. हे साधले, कारण इंधन एकच, कोळसा, व राखेची पारख झालेली. उसाच्या चिपाडाची राखही वालुकामय असून उपयोगी पडते. परंतु त्याच चुलवणात रबर वा प्लॅस्टिक पडले, की त्या राखेची जातच बदलते. दिसावयास ती तशीच. पण विटेत घातल्यास विष भिंतीत, आणि उघड्यावर टाकल्यास पावसाबरोबर विहिरीत जाते.

तात्पर्य, राखेची किंमत तिच्या कुळावरून ठरते. संग्राहकांस आमची विनंती, की वाडे व घाट यांच्या बांधकामखर्चाचे मोडी कागद हाती आल्यास चुना, सुरखी, राख यांच्या नोंदी किरकोळ समजून टाकू नयेत. कोणते द्रव्य कोठून आणले व किती घातले, हे सांगणारा कागद त्या भिंतीइतकाच जपण्याजोगा आहे.