सुझुकी : घंटीचे झाड की भाताची उडवी?

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि 'सुझुकी' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. ते मुळात आडनाव आहे, हे मात्र वर्गातल्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. १९०९ साली हामामात्सु येथे मागांचा कारखाना काढणाऱ्या मिचिओ सुझुकी यांचे ते आडनाव. जपानात 'सातो'च्या खालोखाल हेच सर्वाधिक आढळते.

ते दोन चिनी अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ घंटी, दुसऱ्याचा झाड. तेव्हा शब्दकोश उघडून आपण 'घंटीचे झाड' असे सांगून मोकळे होऊ. फसगत होते ती इथेच! जपानी भाषा आधीपासून बोलली जात होती. लिपी चीनमधून नंतर आली. त्यामुळे जुन्या शब्दाला केवळ उच्चार जुळतो म्हणून एखादे अक्षर लावण्याची रीत पडली. अशा शब्दांत अक्षराचा अर्थ पाहायचा नसतो, नाद ऐकायचा असतो.

मग अर्थ शोधायचा कुठे? सर्वांत प्रचलित उपपत्ती आपल्याला जपानच्या दक्षिण किनाऱ्यावरील कुमानो या तीर्थक्षेत्राकडे नेते. तिथल्या बोलीत कापलेल्या भाताच्या उडवीला, किंवा तिच्या मधोमध रोवलेल्या खांबाला, 'सुझुकी' म्हणत. धान्याचा देव या खांबावरून उतरतो अशी श्रद्धा होती. या आडनावाचे मूळ ज्या घराण्याकडे नेले जाते, त्याचे नाव होझुमी, म्हणजे 'लोंब्यांची रास'. बोलीतला शब्द आणि घराण्याचे नाव एकाच खळ्यावर येऊन भेटतात, म्हणून ही उपपत्ती आम्हाला पटते. या घराण्याची एक शाखा आजच्या वाकायामा प्रांतातील फुजिशिरो येथे स्थिरावली. कुमानोची भक्ती देशभर पसरली, तिच्याबरोबर आडनावही गेले. पूर्व जपानात ते विशेष रुजले.

सगळे सुझुकी एकमेकांचे भाऊबंद आहेत, असे मात्र नाही. तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) आडनाव उघडपणे लावण्याचा अधिकार मुख्यतः सामुराईंना होता. १८७० मध्ये सामान्यांना परवानगी मिळाली आणि १८७५ मध्ये सक्ती झाली, कारण सैन्यभरतीसाठी सरकारला माणसे नेमकी ओळखता यायला हवी होती. त्या वर्षी सर्व शेतकऱ्यांनी आडनावे नव्याने बनवली, ही समजूत खरी नाही. पुष्कळ घरांत ती आधीपासून होती, सरकारदरबारी चालत नव्हती एवढेच.

आणि लग्नानंतर? १८७६ चा सरकारी आदेश होता की पत्नीने माहेरचेच आडनाव ठेवावे! पती-पत्नींचे एकच आडनाव हा नियम आला तो १८९८ च्या नागरी कायद्याने. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कायद्यात दोघांपैकी कोणाचेही आडनाव निवडण्याची मुभा मिळाली, पण निवडायचे एकच. २०१५ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य नसल्याचा निकाल दिला. बदल अर्थातच बहुतेक वेळा पत्नीच्याच आडनावात होतो.