धैर्यधराची भूमिका आणि तिचे मानकरी

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास लिहावयास बसलें कीं लेखणी आपोआप स्त्रीभूमिकांकडे वळते. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी आणि सिंधु यांच्या वर्णनांनीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या नायकांची विचारपूस करणारे मात्र थोडे. ही उणीव आम्हांस विशेष जाणवते ती 'मानापमाना'च्या बाबतींत. भामिनी म्हटली कीं बालगंधर्व हें एकच नांव ओठांवर येतें आणि चर्चा तेथेंच संपते. धैर्यधराचें तसें नाहीं. नानासाहेब जोगळेकर, गोविंदराव टेंबे, केशवराव भोसले आणि मास्टर दीनानाथ अशा चार अगदीं भिन्न प्रकृतीच्या नटांनीं ही भूमिका केली, आणि धैर्यधर कोण, या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें निराळें दिलें.

या मतभेदाचें बीज मूळ नाटकांतच आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'च्या तालमींतले लेखक. त्यांच्या 'कीचकवधा'वर सरकारनें १९१० सालीं बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षीं, १२ मार्च १९११ रोजीं, किर्लोस्कर नाटक मंडळीनें 'मानापमान' मुंबईस रंगभूमीवर आणलें. हें त्यांचें पहिलें संगीत नाटक. नायक गरीब पण पराक्रमी सेनापति, नायिका धनाढ्याची कन्या. ती त्याच्या दारिद्र्याचा उपहास करते, आणि पुढें वनमालेच्या वेषांत त्याच्या जवळ जाऊन त्याची योग्यता ओळखते. खाडिलकरांना मांडावयाचा होता तो मनगटाचा मान आणि पैशाचा मान यांमधला झगडा. परंतु पदांना चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनीं, आणि त्यांनीं उत्तरेकडील ठुमरी, कजरी, गझल यांचा रंग नाटकांत आणला. स्वाभिमानी सेनापतीनें आपला अभिमान सांगावयाचा, आणि तोही ठुमरीच्या लडिवाळ वळणानें! हा विरोध कसा मिटवावयाचा, हेंच या भूमिकेचें खरें कोडें होय.

जोगळेकरांविषयीं फार लिहितां येत नाहीं. रूप भारदस्त, वागणें घरंदाज, आणि मंडळीच्या मालकीची जबाबदारी अंगावर. धैर्यधराचा पहिला मान त्यांचा. पण त्या पहिल्या प्रयोगाची जी एक हकीकत घरोघर सांगितली जाते ती बालगंधर्वांच्या अपत्यवियोगाची. त्याच दिवशीं मूल गेलें असतांहि ते भामिनी होऊन उभे राहिले, ही गोष्ट इतकी हृदयद्रावक आहे कीं त्या रात्रीं धैर्यधर कसा वठला हें विचारण्याचें कोणास सुचलें नसल्यास नवल नाहीं. पुढें लवकरच जोगळेकर वारले.

१९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली आणि खुद्द चालींचा कर्ताच धैर्यधर झाला. टेंब्यांचा लौकिक पेटीवादनाचा. गळ्याचे गवई म्हणून त्यांची कोणी वाखाणणी करीत नसे. तरी आमच्या मतें या भूमिकेला त्यांच्याकडून एक दुर्मिळ लाभ झाला असला पाहिजे. चाल कोणत्या शब्दासाठीं वांकविली आहे, तान कोठें थांबली म्हणजे पुढचें वाक्य उचलतां येतें, हें रचणाऱ्यास जितकें ठाऊक असतें तितकें इतरांस नसतें. मात्र समोर बालगंधर्वांचा स्वर असतां प्रेक्षकांचें लक्ष नायकावर टिकविणें हें नुसत्या समजुतीचें काम नव्हे. टेंबे थोड्याच वर्षांत मंडळींतून बाहेर पडले.

तें काम केशवराव भोसल्यांनीं केलें. कोल्हापूरच्या या नटानें लहान वयांत 'शारदे'च्या भूमिकेनें नांव मिळविलें, १९०८ सालीं स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली, आणि रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाची तालीम घेऊन गळा कमावला. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाटकगृहांत टिळक स्वराज्य फंडासाठीं दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं मिळून जो 'संयुक्त मानापमान' केला, त्यांत बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होते. तिकिटांचे दर त्या काळाच्या मानानें अवाच्या सवा होते, तरी गर्दी लोटली. ती गर्दी निव्वळ देशकार्याला आली होती असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. दोन्हीं पक्षांचे अभिमानी आपापल्या दैवताचा जय पहावयास आले होते. नाटकाचें नांव 'मानापमान', आणि प्रेक्षागृहांतहि तोच सामना! केशवरावांचा स्वर उंच, धारदार आणि निर्भय. गंधर्वांच्या गाण्यांतला मृदु विसावा त्यांत नव्हता. पण धैर्यधराला विसावा हवा आहे कोठें? धनाच्या डौलापुढें न नमणारा शिपाई त्या आवाजांतच उभा होता. अभिनयानें जें सिद्ध करावयाचें तें येथें स्वराच्या जातीनेंच सिद्ध झालें, असें आम्हांस वाटतें. दुर्दैव असें कीं त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं केशवराव गेले.

मास्टर दीनानाथांची गोष्ट अधिक वादाची. गोव्यांतील मंगेशीचा हा मुलगा किर्लोस्कर मंडळींत वाढला, १९१८ सालीं 'बळवंत संगीत मंडळी'च्या स्थापनेंत सामील झाला, आणि प्रथम स्त्रीभूमिकांतच चमकला. धैर्यधर करतांना त्यांनीं कांहीं पदांच्या मूळ चाली बाजूस ठेवून पंजाबी ढंगाच्या, वेगवान आणि अनपेक्षित वळणांच्या चाली घातल्या. नटाला हा अधिकार आहे काय? संगीतकाराच्या बाजूनें पाहिलें तर ही आगळीक आहे. परंतु वर सांगितलेलें कोडें आठवावें. ठुमरीचें लाडिकपण ज्या नायकाला शोभत नव्हतें, त्याच्या तोंडीं विजेसारखी लखलखणारी तान घालून दीनानाथांनीं नाटककाराच्याच मनांतलें कांहीं उघड केलें, असें म्हणण्यास जागा आहे. दोष इतकाच कीं ती वीज कधींकधीं इतकी डोळे दिपविते कीं शब्द दिसेनासे होतात, आणि तेथें धैर्यधर मागें राहून दीनानाथच पुढें येतात.

या तुलनेंत एका गोष्टीचें भान राखलें पाहिजे. केशवरावांविषयींचें बहुतेक ज्ञान आम्हांस वर्णनांतून मिळतें, आणि तीं वर्णनें पक्षाभिमानानें रंगलेलीं आहेत. दीनानाथांचा धैर्यधर मात्र ध्वनिमुद्रिकांमुळें आजहि घरबसल्या ऐकूं येतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकांतलीं तीन-तीन मिनिटें तेवढीं त्या तबकड्यांवर आलीं, तरी पुढच्या पिढ्यांच्या कानांनीं त्यांनाच प्रमाण मानलें. वसंतराव देशपांड्यांसारख्या गवयानें तें गाणें श्रद्धेनें पुढें नेलें, आणि धैर्यधराचीं पदें मैफलींत जाऊन बसलीं. तेथें समोर भामिनी नसते, लष्कराची छावणी नसते, अपमानहि झालेला नसतो. २०२५ सालीं या कथेवर चित्रपट निघाला तेव्हां संगीतहि नव्यानें बांधावें लागलें.

आम्हांस निवड करावयास कोणी सांगितलें तर ऐकण्यासाठीं दीनानाथ, आणि नाटक पाहण्यासाठीं केशवराव, असें आम्ही म्हणूं. जोगळेकरांना मात्र एकदां तरी पाहावें अशी इच्छा मनांतून जात नाहीं. कारण त्या चौघांत खाडिलकरांचा धैर्यधर कोणत्याहि पूर्वसूरीच्या छायेवांचून उभा करण्याची पाळी एकट्या त्यांच्यावर आली होती.